विमानाच्या एंजिनाचा ताप



घरांत कोणाला ताप आला कीं उष्णमापकाची कांडी जिभेखालीं किंवा काखेंत धरावयाची, हें आपण सर्वच करतों. त्या वेळीं जिभेचें किंवा काखेचें उष्णतामान जाणण्याची इच्छा कोणाचीच नसते. आपणांस शरीराच्या आंतील ताप हवा असतो. पण आंत कांडी घालतां येत नाहीं, म्हणून जेथें ती ठेवतां येईल तेथें ठेवून तिच्या आंकड्यावरून आंतील स्थितीचें अनुमान करावयाचें. काखेंतील आंकडा तोंडांतील आंकड्यापेक्षां थोडा कमी येतो, हें वैद्याला ठाऊक असतें. कांडी कोठें ठेवली होती हेंच माहीत नसेल, तर नुसत्या आंकड्याला फारसा अर्थ उरत नाहीं.

विमानाच्या एंजिनाचा ताप मोजण्याचा इतिहास हा याच अडचणीचा इतिहास आहे. जेथील उष्णतामान कळावयास हवें तेथें मोजणारें साधन टिकत नाहीं. आणि जेथें तें टिकतें तेथील उष्णतामानाशीं आपलें प्रत्यक्ष काम नसतें. या दोन जागांमधील अंतर माणसानें कसकसें ओलांडलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम ताप मोजण्याची गरज काय, तें पाहूं. पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत पेटतें, तेव्हां ज्वाळेचें उष्णतामान २,००० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. उलट, ज्या ॲल्युमिनियमचा सिलिंडरचा माथा केलेला असतो, तो धातु ६६० अंशांवरच वितळतो. तरीहि एंजिन वितळत नाहीं. कारण ज्वाळा क्षणभरच असते, आणि मागें राहिलेली उष्णता पाणी, वारा व वंगणाचें तेल हीं सतत वाहून नेत असतात. हा निचरा मंदावला कीं अनर्थास आरंभ होतो. तेल पातळ होऊन त्याचें वंगणपण जातें. धातु मऊ पडतो. मिश्रण शांतपणें न जळतां एकदम स्फोट पावतें आणि दट्ट्यावर घणासारखे आघात होऊं लागतात. मोटारीचें एंजिन तापलें तर ती रस्त्याच्या कडेला उभी करून झाडाखालीं बसतां येतें. विमानाला ही सोय नाहीं.

तरीहि आरंभींच्या वैमानिकांना ही चिंता नव्हती. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत राइट बंधूंनीं एंजिनाच्या बळावर पहिलें उड्डाण केलें, तेव्हां त्यांच्या विमानावर तीनच मोजमापाचीं साधनें होतीं: एंजिनाचे फेरे मोजणारें यंत्र, हवें तेव्हां थांबवितां येणारें घड्याळ, आणि वाऱ्याचा वेग सांगणारें यंत्र. सुमारें १२ अश्वबळाच्या त्या एंजिनाला उष्णमापक नव्हता, आणि त्याची जरूरहि नव्हती. कारण त्या दिवशींचें सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचें होतें. पुढें २५ जुलै १९०९ रोजीं ब्लेरियो या फ्रेंच वैमानिकानें इंग्लिश खाडी ओलांडली. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ हवेंत राहावें लागलें. वाटेंत त्याचें एंजिन तापूं लागलें आणि पावसाच्या एका सरीनें तें निवविलें, अशी कथा सांगतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो. उड्डाणें मिनिटांतून तासांत गेलीं तेव्हां एंजिनाचा ताप हा वैमानिकाच्या जिवाचा प्रश्न झाला, एवढें मात्र तींतून स्पष्ट दिसतें.

पहिला उपाय साधा होता. ज्या एंजिनांभोंवतीं पाणी खेळविलेलें असे, त्यांच्या पाण्यांत धातूची एक लहानशी कुपी बुडवून ठेवीत. कुपींत ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव असे. पाणी जों जों तापे, तों तों त्या द्रवाच्या वाफेचा दाब वाढे. आणि तो दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीनें वैमानिकापुढील तबकडीपर्यंत पोंचे. तबकडीच्या मागें एक चपटी, वांकविलेली नळी असे. दाब वाढला कीं ती किंचित् सरळ होई आणि कांटा फिरवी. ही वांकडी नळी फ्रान्समधील यूजेन बूर्दों यानें १८४९ सालीं वाफेच्या एंजिनांवरील दाब मोजण्यासाठीं काढली होती. आगगाडीचें साधन अशा रीतीनें विमानांत आलें. वीज नको, घड्याळासारखीं चाकें नकोत. नळी फुटली नाहीं म्हणजे झालें.

पण या कांट्यानें वैमानिकाला पहिला धडा दिला. तो पाण्याचा ताप सांगे, सिलिंडरचा नव्हे. आणि पाण्याचें वर्तन उंचीबरोबर बदलतें. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळतें. २०,००० फूट उंचीवर हवेचा दाब निम्म्याहून कमी असल्यामुळें तेंच पाणी ८० अंशांच्या आसपास उकळूं लागतें. म्हणजे कांटा ८० वर उभा असतां जमिनीवर निर्धास्त राहावें, आणि तोच कांटा त्याच जागीं असतां वर आकाशांत पाणी वाफ होऊन उडून जावें! आंकडा एकच, अर्थ दोन. पहिल्या महायुद्धांतील वैमानिकांना कांट्याबरोबर उंचीहि वाचावी लागे, ती याकरितां.

युद्धानंतर पाण्याचें ओझें टाळणारीं, वाऱ्यानें थंड होणारीं एंजिनें पुढें आलीं. १९२७ च्या मे महिन्यांत चार्ल्स लिंडबर्ग एकटाच न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत गेला, तो अशाच ९ सिलिंडरांच्या एंजिनावर. त्याच्यापुढील तबकड्यांत तेलाचें उष्णतामान सांगणारी एक होती. पण तेल सर्व एंजिनांतून फिरून येतें. एखादा सिलिंडर भाजून निघत असला तरी त्याची वर्दी तेलाकडून उशिरा आणि मंद स्वरांत मिळते. कुपी बुडवावयास पाणी तर आतां राहिलेंच नव्हतें. प्रत्यक्ष धातूचा ताप घेणारें साधन हवें होतें. आणि तें शंभर वर्षांपूर्वींच सांपडून ठेवलेलें होतें.

१८२१ सालीं बर्लिन येथें टोमास योहान झेबेक या शास्त्रज्ञानें दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोंकांस जोडून एक कडें केलें आणि एक सांधा तापविला. तेव्हां जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. झेबेकनें असा निष्कर्ष काढला कीं उष्णतेनें धातूंत चुंबकत्व उत्पन्न होतें. सुई खरोखरच हलली होती, तिनें कांहींच खोटें सांगितलें नव्हतें. पण तिच्या हलण्याचें कारण निराळें होतें. कड्यांतून विजेचा प्रवाह वाहत होता, आणि सुई हलली ती त्या प्रवाहामुळें. विजेच्या प्रवाहानें सुई हलते हें आदल्याच वर्षीं दाखविणाऱ्या डेन्मार्कच्या ओर्स्टेडनें हें ओळखलें आणि या घटनेला उष्णताजन्य विजेचें नांव दिलें. तांब्याची व लोखंडाची तार पिळून, एक सांधा मेणबत्तीवर व दुसरा बर्फांत धरून हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंत सहज दाखवितां येतो. फक्त विजेचा अत्यंत नाजूक मापक जवळ हवा.

या शोधाचा उपयोग प्रथम भट्ट्यांत झाला. १८८६ च्या सुमारास फ्रान्समध्यें ल शातेलिये यानें प्लॅटिनमची एक तार व प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या मिश्रधातूची दुसरी तार जोडून भट्टीचा ताप मोजणारी विश्वसनीय जोडी तयार केली. पण प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या पंगतीचा धातु. स्वस्त आणि चिवट तार दिली ती अमेरिकेंतील आल्बर्ट मार्श यानें. निकेल आणि क्रोमियम यांच्या त्याच्या मिश्रधातूला १९०६ सालीं पेटंट मिळालें. ही तार लाल होईपर्यंत तापली तरी गंजून झडत नाहीं. आपल्या घरांतील विजेच्या शेगडींत जी तार लाल होते, ती बहुधा याच कुळांतील. तिची जोडीदार म्हणून बहुतांशीं निकेल व थोडें ॲल्युमिनियम, मँगेनीज आणि सिलिकॉन असलेली दुसरी तार आली. अजूनहि एंजिनांत ही जोडी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

वाऱ्यानें थंड होणाऱ्या एंजिनांकरितां लोखंड आणि तांबें-निकेलचा मिश्रधातु अशी जोडी पुरेशी ठरली. तिचा सांधा तांब्याच्या एका वाटोळ्या कड्यांत बसवीत, आणि तें कडें सिलिंडरवर ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या खालीं घट्ट आवळीत. झालें! सिलिंडरच्या माथ्याचा ताप वैमानिकासमोर आला.

यांतहि दोन मेखा होत्या. पहिली अशी कीं ही जोडी उष्णतामान सांगत नाहीं, दोन सांध्यांमधील फरक सांगते. दुसरा सांधा वैमानिकापुढील यंत्रांत असतो. तेथील हवा कडाक्याच्या थंडींत निराळी आणि राजस्थानच्या दुपारीं निराळी. म्हणून मापकाच्या पोटांत दोन धातूंची एक कमान बसवावी लागली. ती तेथील हवेप्रमाणें वांकते आणि कांट्याला तितकाच पुढें किंवा मागें सरकविते. दुसरी मेख तारांच्या लांबीची. या जोडींत उत्पन्न होणारी वीज इतकी अल्प, कीं जुन्या मापकांत तारेचा विरोधहि हिशेबांत धरलेला असे. तार लांब वाटली म्हणून कोणी ती कापून आंखूड केली, तर विरोध कमी होऊन कांटा खोटा आंकडा दाखवी. तार सांपडेल तेथें गुंडाळून ठेवावी पण कापूं नये, अशी ताकीद कारागिरांना असे.

याहून मोठा प्रश्न निराळाच होता. १८ सिलिंडरांपैकीं हें कडें कोणत्या सिलिंडरला बसवावयाचें? त्या काळच्या बहुतेक विमानांत प्रत्येक एंजिनाला एकच कडें असे. कारखान्यांत परीक्षा करून जो सिलिंडर सर्वांत अधिक तापतो असें दिसे, त्याला तें बसवीत. म्हणजे एकाच्या साक्षीवर सतरा जणांचा न्याय!

हा न्याय किती कठीण असतो, याची प्रचीति १९४४ सालीं हिंदुस्थानच्या हवेंत आली. जपानवर चाल करण्यासाठीं अमेरिकेनें आपलीं नवीं प्रचंड बी-२९ विमानें बंगालमधील खरगपूरच्या आसपासच्या तळांवर आणण्यास आरंभ केला. प्रत्येक विमानाला चार एंजिनें, प्रत्येकाचें बळ २,२०० अश्वांचें, आणि त्यांत ९-९ सिलिंडरांच्या दोन रांगा, एकीमागें एक. पुढच्या रांगेला ताजा वारा मिळे. मागच्या रांगेला पुढच्या रांगेनें तापविलेला. एप्रिल महिन्यांत कराचीजवळ एंजिनें अतिशय तापून अशा विमानांचे लागोपाठ अपघात झाले, आणि मार्गावरील विमानें कांहीं काळ जमिनीवर रोखून धरावीं लागलीं. वैशाखांतील जमिनीवरचा तो उन्हाळा या एंजिनांच्या सोसण्यापलीकडचा होता.

वैमानिकाची कोंडी कशी होती पाहा. एंजिनाच्या आवरणाच्या मागच्या कडेला झडपा असतात. त्या उघडल्या कीं वारा खेळतो व सिलिंडर निवतात. पण उघड्या झडपा हवेंत अडथळा होतात, विमानाचा वेग घटतो, आणि वेग घटला कीं वाराहि कमी मिळतो. झडपा मिटल्या तर वेग येतो, पण कांटा चढूं लागतो. शेवटीं, विमानानें जमीन सोडल्यावर लगेच वर न चढतां थोडा वेळ खालूनच वेग घ्यावा, वारा मिळूं द्यावा, मग चढावें, अशी रीत पडली. तिकडे कारखान्यांत वारा वळविणारे पत्रे बदलण्यांत आले आणि मागच्या सिलिंडरांना अधिक तेल पोंचविण्यांत आलें. नुसत्या कांट्यानें हें कांहींच सुचविलें नसतें. कांटा कोणत्या सिलिंडरजवळ आहे, आणि ज्यांच्याजवळ तो नाहीं त्यांची अवस्था काय असेल, याचा विचार माणसांनाच करावा लागला.

याच सुमारास एंजिनाचें रूपच पालटत होतें. १२ एप्रिल १९३७ रोजीं इंग्लंडांत फ्रँक व्हिटल यानें आपलें जेट एंजिन प्रथम चालविलें, आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजीं जर्मनींत हाइंकेल कंपनीचें जेट विमान प्रथम उडालें. या एंजिनांत ज्वाळा क्षणभर नसते, अखंड असते. तिच्या झोतांत टर्बाइनचीं पातीं मिनिटाला हजारों फेरे घेत असतात. तापलेला धातु अशा ओढीखालीं हळूहळू लांबत जातो. उष्णतामान थोडेंसेंच वाढलें तरी त्याचें आयुष्य झपाट्यानें घटतें. महायुद्धाच्या अखेरीस निकेलसारखे धातु दुर्मिळ झालेल्या जर्मनीचीं जेट एंजिनें अवघ्या १० ते २५ तासांत निकामी होत.

आतां पात्याचा ताप कसा घ्यावयाचा? फिरत्या पात्याला तार बांधून ती वैमानिकापर्यंत आणणें प्रयोगशाळेंत साधतें, रोजच्या उड्डाणांत नाहीं. पात्यांच्या पुढें, ज्वाळेच्या तोंडाशीं कांडी ठेवावी, तर ती फार दिवस जगत नाहीं. आणि तुटली तर तिचा तुकडा पात्यांवर आदळणार. म्हणून कांडी ठेवली ती पात्यांच्या मागें, जेथें वायूनें आपली बरीच शक्ति टर्बाइनला दिलेली असते व तो कांहींसा निवलेला असतो. तेथील आंकड्यावरून पुढची स्थिति गणितानें जाणावयाची.

या कांडीची रचना पाहण्यासारखी आहे. निकेल-क्रोमियमची तार आणि तिची जोडीदार, दोन्ही एका धातूच्या नळींत घालून मधील पोकळींत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासतात. भुकटी वीज अडविते आणि तारांना हादऱ्यांपासून सांभाळते. वायु अति वेगानें जात असतो, म्हणून सांध्याभोंवतीं एक लहानसें घर असतें; त्याचें पुढचें भोंक मोठें व मागचें लहान. वायु आंत येऊन मंदावतो आणि आपली पूर्ण उष्णता सांध्याला दाखवितो. एवढें सर्व करून हातीं येणारी वीज किती? दर अंशामागें व्होल्टचे सुमारें ४१ दशलक्षांश. दोन सांध्यांत १,००० अंशांचा फरक असला तरी घरच्या विजेरींतील एका घटाच्या छत्तिसाव्या हिश्शाहून ती अधिक नसते.

कांडी एक नसते. टर्बाइनच्या मागें अशा अनेक कांड्या वर्तुळांत बसवून त्यांची सरासरी वैमानिकाला देतात. त्यामुळें एखादी निकामी झाली तरी कांटा आंधळा होत नाहीं. पण सरासरीचेंहि एक पाप आहे. इंधन फवारणारें एखादें तोंड बिघडून वर्तुळाच्या एकाच भागांत ज्वाळा भडकली, तर सरासरी जेमतेम हलते. सर्व वर्गाचे सरासरी गुण चांगले असतांहि एक मुलगा नापास होत असावा, तसें हें आहे. म्हणून दुरुस्तीच्या वेळीं प्रत्येक कांडी स्वतंत्र तपासतात, आणि आंत बारीक दुर्बीण घालून पातीं डोळ्यांनीं पाहतात.

एंजिनाबाहेरच्या हवेचा तापहि असाच फसवा असतो, आणि तो कळल्याशिवाय एंजिनाला किती जोर करूं द्यावा हें ठरवितां येत नाहीं. तो बहुधा प्लॅटिनमच्या तारेनें मोजतात. धातु तापला कीं विजेला अधिक विरोध करतो, हें हम्फ्री डेव्ही यानें १८२१ सालींच दाखविलें होतें, म्हणजे झेबेकच्याच वर्षीं. पुढें विल्यम सीमेन्स यानें व १८८७ च्या सुमारास केंब्रिजच्या कॅलेंडर यानें त्यांतून अचूक मापक घडविला. पण तो विमानाबाहेर बसविला कीं काय होतें? बाहेरची हवा उणें ५५ अंश असतां, ध्वनीच्या ८० टक्के वेगानें जाणाऱ्या विमानावरील कांडीला ती उणें २७ अंशांच्या आसपास लागते. कारण कांडीवर थबकतांना हवा दबते आणि तापते. कांडी खोटें बोलत नाहीं. तिला जें भोगावें लागतें तें ती सांगते. त्यांतून वेगाचा वांटा वजा करणें हें वाचणाऱ्याचें काम. आतां तें विमानांतील गणकयंत्र करतें.

आजच्या मोठ्या जेट एंजिनांत टर्बाइनमध्यें शिरणारा वायु १,५०० अंशांहूनहि तप्त असतो. पात्यांचा धातु त्याच्या आधींच वितळावयाचा. पण पातीं पोकळ करून त्यांच्या बारीक छिद्रांतून तुलनेनें थंड हवा खेळवितात आणि हवेच्या त्या पातळ पदराआड धातु तगून राहतो. मागच्या कांड्यांचें काम यामुळें अधिकच नाजूक झालें आहे. बोइंग ७३७ विमानांवरील सी.एफ.एम. ५६-७बी या सुप्रसिद्ध एंजिनाला कांड्यांच्या जागीं ९५० अंशांची मर्यादा घालून दिलेली आहे. नवें एंजिन पूर्ण जोरानें उड्डाण करतांना या मर्यादेच्या बरेंच खालीं राहतें. पुढें धूळ बसते, कडा झिजतात, पातीं व आवरण यांतील फट वाढते. तोच जोर मिळविण्यास अधिक इंधन जाळावें लागतें आणि आंकडा थोडा थोडा वर सरकतो. मर्यादेपर्यंत उरलेलें अंतर म्हणजे एंजिनाच्या उरलेल्या आयुष्याचें मापच होय. एंजिन पाण्यानें आंतून धुतलें तर कांहीं अंश परत मिळतात. अंतर संपत आलें कीं एंजिन उतरवून दुरुस्तीस पाठवितात. हे आंकडे आतां उड्डाण चालूं असतांनाच जमिनीवरील कचेरींत पोंचतात, आणि तेथील मंडळी महिनोन् महिने त्यांची चढण पाहत बसतात.

तरीहि एक क्षण असा आहे कीं जेथें महिन्यांचा हिशेब उपयोगी पडत नाहीं. जेट एंजिन सुरू करतांना इंधन पेटतें, पण हवा दाबणारें चक्र अजून पुरेशा वेगाला आलेलें नसतें. हवा अपुरी पडली तर उष्णतामान कांहीं सेकंदांत मर्यादा ओलांडतें आणि लाखों रुपयांचीं पातीं विमान जागचें हलण्यापूर्वींच वायां जातात. नव्या एंजिनांत गणकयंत्र अशा वेळीं जमिनीवर आपण होऊन इंधन तोडतें. तरीहि वैमानिक एंजिन सुरू करतांना त्या आंकड्यावरून दृष्टि काढीत नाहीं, आणि इंधन बंद करण्याच्या खटक्याजवळ त्याचा हात असतो. आंकडा पात्यांचा नाहीं, पात्यांच्या मागच्या वायूचा आहे, आणि तोहि अनेक कांड्यांची सरासरी आहे, हें तो जाणतो. म्हणूनच मर्यादा गांठण्याची वाट तो पाहत नाहीं. आंकडा ज्या वेगानें चढतो, तेवढ्यावरून पुढें काय होणार हें त्याला कळतें.

असो. पुढच्या वेळीं विमानांत बसाल आणि जागेवरच एंजिनाचा आवाज हळूहळू चढत गेलेला ऐकाल, तेव्हां कोणीतरी त्या आंकड्याकडे पाहत आहे हें ध्यानांत असूं द्या.